एकटेपणावर अ‍ॅप: छावणीसाठी बनवायचं तर ते कसं असावं?

जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो. जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातला हा आकडा आहे. एकटेपणाशी संबंधित मृत्यू वर्षाला अंदाजे ८ लाख ७१ हजार, म्हणजे तासाला सुमारे शंभर असल्याचंही त्यात म्हटलं आहे.

हे ऐकून आपल्याकडे अनेक जण म्हणतात, "हे तिकडच्या श्रीमंत लोकांचं दुखणं. आपल्याकडे माणसांची काय कमी?" अहवाल मात्र उलटंच सांगतो. श्रीमंत देशांत एकटेपणा जाणवणारे सुमारे ११ टक्के, तर गरीब देशांत सुमारे २४ टक्के आहेत. आणि हे फक्त म्हातारपणाचं दुखणंही नाही. १३ ते २९ वयातल्या १७ ते २१ टक्के मुलामुलींनी आपल्याला एकटं वाटतं असं सांगितलं आहे.

गर्दीतही माणूस एकटा पडतो

एकटं राहणं आणि एकटेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणी एकटं राहूनही मजेत असतं, तर कोणी दहा माणसांच्या घरात असूनही मनातलं कुणाला सांगू शकत नाही.

आपली छावणीच बघा. घराला घर लागून आहे. गुरुवारच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. तरीही ज्यांची मुलं पुण्याला किंवा आखातात नोकरीला आहेत, अशा आई-वडिलांचा दिवस रोजच्या पाच मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर येऊन थांबतो. "अम्मी, खैरियत?" "हो बेटा, अल्लाहचा शुक्र आहे." आणि फोन बंद. परगावातून लग्न होऊन आलेली सून, स्पर्धा परीक्षेत दोनदा नापास झाल्यावर मित्रांना टाळणारा मुलगा, पत्नीच्या पश्चात दिवसभर दाराकडे बघत बसणारे चाचा, यांचंही तसंच. त्यांच्या मोबाईलवर फॅमिली ग्रुप असतो, त्यात सकाळी फुलांचे फोटो येतात, पण विचारपूस होत नाही.

आज काय उपलब्ध आहे?

मूळचे पुण्याचे शंतनू नायडू यांनी रतन टाटांच्या पाठबळावर ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबईत 'गुडफेलोज' सुरू केलं. निवडलेले तरुण पदवीधर एकट्या ज्येष्ठांकडे जातात, गप्पा मारतात, सोबत फिरायला किंवा कामाला जातात. कल्पना चांगलीच आहे. पण तिथले तरुण पगारी आणि सेवा फी घेऊन दिली जाणारी. आपल्या मोहल्ल्यातल्या बहुतेक घरांना दरमहा ते परवडणार नाही.

सरकारच्या दोन मोफत हेल्पलाइन आहेत. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आणि मानसिक त्रासासाठी चोवीस तास चालणारी १४४१६ टेलिमानस. दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येक फोनमध्ये असायला हवेत. पण गुरुवारी बाजारात सोबत यायला हेल्पलाइन येऊ शकत नाही. त्यासाठी शेजारचंच कोणीतरी लागतं.

असं काम मोहल्ल्याच्या पातळीवर जमतं का? आपल्याच शहरात त्याचं उदाहरण आहे. रीड अँड लीड फाउंडेशननं २०२१ पासून मोहल्ला बाल वाचनालयं सुरू केली. मुलांनी दूरच्या मोठ्या ग्रंथालयात जाण्याची वाट न बघता पुस्तकंच त्यांच्या मोहल्ल्यात नेली. एकटेपणावरचा उपायही असाच चालत जाण्याच्या अंतरावर असायला हवा.

अ‍ॅपमध्ये काय असावं?

आमच्या मते अशा अ‍ॅपचा पाया एकच: त्यानं माणसाला स्क्रीनवरून उठवून शेजारच्या दारापर्यंत न्यावं. बाकीच्या गोष्टी त्यातूनच ठरतात.

पहिली गोष्ट, 'मदत घेणारे' आणि 'मदत देणारे' असे दोन वेगळे रकाने नकोत. एकट्या माणसाला आणखी बिचारं करून टाकणारी मदत कुणालाच आवडत नाही. नाव नोंदवताना प्रत्येकाला दोन प्रश्न विचारावेत: तुम्हाला काय हवं आहे आणि तुम्ही काय देऊ शकता? सत्तरीच्या खालाजान दवाखान्यात जायला सोबत मागतील, पण नान कलिया किंवा शिवणकाम शिकवतील. निवृत्त कारकून चाचांना बोलायला माणूस हवा असेल, पण शिष्यवृत्तीचा फॉर्म भरण्यात त्यांचा हात कोण धरणार? आपली कुणाला तरी गरज आहे, ही जाणीव माणसाला उभारी देते.

दुसरी गोष्ट, अ‍ॅप बोलकं असावं. मराठी, उर्दू आणि आपली घरातली दखनी यांत आवाज रेकॉर्ड करून निरोप देता यावा. साधा बटणांचा फोन असलेल्यांसाठी फोन नंबर असावा. ब्रिटनमध्ये २०१३ साली ज्येष्ठांसाठी देशभर सुरू झालेली 'सिल्व्हर लाइन' फोनवरच उभी राहिली.

तिसरी, गट पाच-सहा जणांचे आणि एकाच परिसरातले असावेत. लाइक, फॉलोअर, संपता न संपणारे व्हिडिओ यांना जागा नको. त्याऐवजी साधी विचारणा असावी: "उद्या गुरुवार, बाजारात कोण येतंय?"

चौथी, यंत्राशी गप्पा हा पर्याय समजू नये. ओपनएआय आणि एमआयटी मीडिया लॅबनं २०२५ मध्ये सुमारे हजार लोकांचा चार आठवडे अभ्यास केला. चॅटबॉटचा रोजचा वापर ज्यांचा जास्त होता, त्यांच्यात एकटेपणाही जास्त दिसला. कशामुळे काय घडलं, हे त्यातून पक्कं सांगता येत नाही, पण सावध राहायला एवढं पुरेसं आहे.

भरवसा नसेल तर सगळं व्यर्थ

खरी अडचण इथे आहे. एकट्या माणसाला फसवणं सोपं असतं. गोड बोलून ओटीपी काढून घेणाऱ्यांना असं अ‍ॅप म्हणजे आयती यादीच. म्हणून मोहल्ल्यातल्या दोन ओळखीच्या माणसांनी खात्री दिल्याशिवाय कुणाला प्रवेश नको. पैसे मागणाऱ्याला लगेच बाहेर काढावं. फोन नंबर आणि घराचा पत्ता एकमेकांना आपोआप दिसू नये. महिलांना फक्त महिलांशीच बोलण्याची सोय हवी आणि पहिली भेट चारचौघांत व्हावी.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती घेण्यासाठी संमतीवर भर आहे आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. बनवणाऱ्यांनी गरजेपुरतीच माहिती घ्यावी. "जगावंसं वाटत नाही" असं कोणी बोललं तर स्वयंसेवकानं डॉक्टर बनू नये. त्या माणसाला एकटं न सोडता १४४१६ ला फोन लावून द्यावा.

यश कसं मोजायचं?

डाउनलोड किती झाले, यावरून काहीच कळत नाही. संशोधक तीन साधे प्रश्न वापरतात: सोबत नसल्याचं किती वेळा वाटतं? आपल्याला वगळलं जातं असं किती वेळा वाटतं? आपण इतरांपासून तुटलो असं किती वेळा वाटतं? सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी हेच प्रश्न विचारावेत. शिवाय किती जण प्रत्यक्ष भेटले, हे मोजावं. दोघांची ओळख घट्ट झाली आणि त्यांना अ‍ॅप उघडायची गरज उरली नाही, तर ते अ‍ॅपचं यशच.

इयादत, म्हणजे आजाऱ्याला भेटून विचारपूस करणं, आणि शेजाऱ्याचा हक्क या गोष्टी आपल्याला नव्यानं शिकायच्या नाहीत. शहराच्या धावपळीत त्या मागे पडल्या, एवढंच. कंप्युटर शिकलेली आपली मुलं-मुली कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून एका गल्लीपुरतं, वीस-पंचवीस घरांचं अ‍ॅप बनवू शकतात. मशिदीच्या कमिटीनं, महिला बचत गटानं आणि शेजारच्या इतर समाजातल्या लोकांनीही त्यात यावं, कारण एकटेपणा जात-धर्म बघत नाही. तोपर्यंत गल्लीतल्या एका घरी आठवड्यातून एकदा जाऊन बसायला कुठलंच अ‍ॅप लागत नाही.