पॅकार्ड
अमेरिकेतील एक विख्यात उंची मोटारगाडी. जेम्स वॉर्ड पॅकार्ड (१८६३–१९२८) व विल्यम डाउड पॅकार्ड या बंधूंनी ओहायओ राज्यातील वॉरन येथे १८९९ मध्ये तिचे उत्पादन सुरू केले. १९०३ मध्ये कारखाना डिट्रॉइटला हलविण्यात आला. बारा सिलिंडरांच्या ‘ट्विन सिक्स’मुळे (१९१५) तिची प्रतिष्ठा वाढली. महामंदीत ‘वन-ट्वेंटी’ (१९३५) या तुलनेने स्वस्त गाडीमुळे कंपनी तगली. तथापि त्यामुळेच तिच्या नावाभोवतीचे वैभवाचे वलय फिके झाले, असे अनेक अभ्यासक मानतात. युद्धोत्तर काळात मोठ्या कंपन्यांच्या स्पर्धेपुढे तिचा टिकाव लागला नाही. १९५४ मध्ये पॅकार्ड व स्टूडबेकर या कंपन्या एकत्र आल्या. १९५६ मध्ये डिट्रॉइटमधील उत्पादन थांबले. त्यानंतर स्टूडबेकरच्याच बांधणीच्या गाड्यांना पॅकार्ड हे नाव देण्यात आले. १९५८ मध्ये तेही लोपले.