टिंब लेखकाचे की धुळीचे? : हस्तलिखितांची छायाचित्रे आणि सेन्सरची घरगुती सफाई

हस्तलिखितांवर काम करणाऱ्या अभ्यासकाला मूळ प्रत दीर्घकाळ हाताशी ठेवता येण्याचे भाग्य आता क्वचितच लाभते. प्रतीचे मालक ती घराबाहेर जाऊ देत नाहीत, आणि त्यांचा हा आग्रह रास्तच असतो. ब्रह्मपुरीच्या आसपासच्या गावांतून पोथ्या, जमाखर्चाची बाडे किंवा झाडीपट्टीतील नाटकांच्या हाताने उतरवलेल्या वह्या पाहावयास जावे, तर छपरीत सतरंजी अंथरली जाते, वही पुढे ठेवली जाते, आणि सूर्य मावळण्याच्या आत जितकी पाने टिपता येतील तितकी टिपून घ्यावी लागतात. पुढील सर्व अभ्यास त्या छायाचित्रांवर होतो. छायाचित्र ही मूळ प्रतीची यांत्रिक, म्हणूनच निर्दोष नक्कल होय, असे आपण मनोमन गृहीत धरतो. लेखनिकाच्या हस्तदोषांची चिकित्सा करणारे आपण, कॅमेऱ्याच्या हस्तदोषाची मात्र चौकशी करीत नाही. प्रस्तुत लेखात अशा एकाच दोषाचा विचार करावयाचा आहे. तो म्हणजे डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बसलेल्या धुळीमुळे चित्रात उमटणारे ठिपके.

निसर्गदृश्य टिपणाऱ्याच्या दृष्टीने असा ठिपका म्हणजे आकाशावरचा एक डाग. तो पुसला की काम भागते. ताडोब्याच्या रस्त्यांवरील लाल धूळ खाऊन परतणारे वाघांचे छायाचित्रकार याच धुळीने त्रस्त असतात, परंतु वाघाच्या पाठीवर एक ठिपका अधिक पडला म्हणून तो बिबट्या होत नाही. मार्कंडा येथील देवळांच्या खडबडीत शिल्पांवर तर असे ठिपके दिसतही नाहीत. देवनागरी मजकुराची गोष्ट वेगळी आहे. आपल्या लिपीत शिरोरेषेवरचे एक टिंब वचन बदलते. ‘बैलास’ आणि ‘बैलांस’, ‘त्याचा’ आणि ‘त्यांचा’ यांतील अंतर एका टिंबाचे आहे. जमाखर्चाच्या बाडात चारा एका बैलाला घातला की अनेकांना, हे त्या टिंबावरून ठरते.

जुन्या मराठीत टिंबाचा भार याहूनही मोठा होता. ‘ते’ हे पुल्लिंगी अनेकवचन, तर ‘तें’ हे नपुंसकलिंगी एकवचन. ‘ती’ म्हणजे ती स्त्री, आणि ‘तीं’ म्हणजे ती मुले किंवा ती घरे. ‘केले’ आणि ‘केलें’, ‘मी’ आणि ‘मीं’ यांत लिंग, वचन किंवा विभक्ती यांची खूण केवळ टिंबाने होत असे. १९६२ साली शासनाने स्वीकारलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे व्युत्पत्तिसिद्ध अनुस्वार काढून टाकले, हे सर्वश्रुत आहे. त्यापूर्वीच्या लेखनात अनुनासिक उच्चार कोणत्या स्थानी, कोणत्या पिढीपर्यंत टिकून होता याचा मागोवा घेणाऱ्यास टिंबांची मोजदाद करण्यावाचून गत्यंतर नसते. अशा मोजणीत धुळीचे दहा कण दहा अनुस्वार होऊन बसले, तर निष्कर्षाचे काय होईल हे सांगावयास नको.

‘सेन्सरवरील धूळ’ हा शब्दप्रयोग रूढ असला तरी तो काटेकोर नाही. धूळ प्रकाशग्राही पृष्ठभागावर बसतच नाही. त्या पृष्ठभागाच्या पुढे अवरक्त किरण अडविणारी आणि अन्य गाळण्या असलेली काच बसविलेली असते, व कण त्या काचेवर बसतात. म्हणजे कण आणि प्रकाशग्राही पृष्ठभाग यांत सुमारे मिलिमीटरभर, कधी त्याहून काहीसे अधिक, अंतर राहते. हे अंतर क्षुल्लक वाटेल, पण ठिपका केव्हा दिसावा व केव्हा न दिसावा याचे सारे रहस्य त्यात आहे.

लेन्समधून येणारा प्रकाश सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर शंकूच्या आकाराने एकवटतो. छिद्र मोठे असेल तर शंकू रुंद, लहान असेल तर अरुंद. काचेचा पृष्ठभाग एक मिलिमीटर पुढे आहे असे धरू, आणि वक्रीभवनाचा हिशेब सोडून देऊ. एफ/४ या छिद्रमानाला त्या ठिकाणी शंकूची रुंदी एक चतुर्थांश, म्हणजे ०.२५ मिलिमीटर भरते. तेथे ०.०५ मिलिमीटर व्यासाचा कण बसला असेल तर तो शंकूच्या क्षेत्रफळाचा पंचविसावा भाग, म्हणजे ४ टक्के प्रकाश अडवील. इतकी छाया डोळ्यांना जाणवत नाही. एफ/८ ला शंकू ०.१२५ मिलिमीटर रुंद होतो आणि तोच कण १६ टक्के प्रकाश खातो. एफ/१६ ला रुंदी ०.०६ मिलिमीटरच्या आसपास येते व अडलेला प्रकाश ६४ टक्क्यांवर जातो. एफ/२२ ला तर शंकू कणाहूनही अरुंद होऊन छायेचा मध्य पार काळा पडतो. कण तोच, जागा तीच. बदलले ते छिद्रमान.

आता हा हिशेब आपल्या कामाला लावून पाहू. शिवलेले बाड सपाट उघडत नाही, त्याची पाने मध्ये फुगलेली असतात. ती सर्वत्र स्पष्ट यावीत म्हणून आपण छिद्र एफ/११, एफ/१६ पर्यंत लहान करतो. धुळीला उघडे पाडणारी हीच छिद्रमाने होत. सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असून त्यावर ३६ सेंटिमीटर लांबीचा कागद टिपला, तर प्रतिमा दसपट लहान होते. उलट सेन्सरवरील ०.१ मिलिमीटरची छाया कागदावर एक मिलिमीटरची भासते. बोरूने दिलेल्या टिंबाचा आकार साधारण एवढाच असतो. धुळीने आपल्याशी वैर धरले आहे असे वाटावे इतका हा योगायोग चपखल आहे.

फिल्मच्या काळात प्रत्येक चित्राला कोरा भाग मिळत असे, त्यामुळे एका चित्रावरील कण पुढच्या चित्रात सहसा त्याच जागी येत नसे. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सर एकच, म्हणून सकाळी बसलेला कण संध्याकाळपर्यंतच्या चारशे पानांवर एकाच ठिकाणी राहतो. पाठचिकित्सेत समान प्रमाद हा समान मूळ प्रतीचा पुरावा मानतात. येथे समान ठिपका समान कॅमेऱ्याचा पुरावा होतो, आणि हीच गोष्ट आपल्या उपयोगी पडते. शंकास्पद पान दोन बोटे सरकवून पुन्हा टिपावे. टिंब अक्षरांबरोबर सरकले तर ते कागदावरचे होय. अक्षरे सरकली आणि टिंब चौकटीत होते तेथेच राहिले, तर ते कॅमेऱ्यातले. पान दाबून धरण्यासाठी वर काच ठेवली असेल तर तिच्यावरील कणही या कसोटीत फसवू शकतो, कारण पान सरकले तरी काच जागीच राहते. तेव्हा काच उचलून पुसावी व मग दुसरे चित्र घ्यावे. लेन्सच्या पुढील भागावरची धूळ मात्र असे टिंब उमटवीत नाही. कसरीने पाडलेले भोक किंवा माशीने केलेला ठिपका यांचा निर्णय कॅमेरा करू शकणार नाही, त्यासाठी अभ्यासकाचे डोळेच हवेत.

संगणकावरील चित्रसंस्कारात ठिपके पुसण्याची सोय असते, मग सेन्सर साफ करण्याचा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. ही सोय भोवतालचा रंग घेऊन ठिपका झाकते. ठिपका अनुस्वार आहे की धूळ, हे तिला कळत नाही, आणि ती वापरणाऱ्या सहायकालाही पुष्कळदा कळत नाही. निसर्गचित्रात ही दुरुस्ती होय. हस्तलिखिताच्या चित्रात तो प्रक्षेप होय, आणि तोही कोणतीही खूण मागे न ठेवणारा. कागदपत्रांच्या चित्रांवर ही सोय मुळीच वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोष निघावा तो उगमापाशी.

आमच्या भागात या उगमाला तोटा नाही. मुरमाचे रस्ते आहेत, राइस मिलमधील कोंडा आहे, आणि धानाची मळणी चालू असता तणशीचा बारीक भुसा हवेत तरंगत असतो. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगामही दिवाळीनंतर, म्हणजे नेमका याच सुमारास उभा राहतो. लेन्स बदलताना धूळ आत शिरते. ती लेन्सच्या मागच्या टोकावर बसूनही आत जाते. पुढेमागे सरकणारी झूम लेन्स हवा आत ओढते. शटरच्या हालचालीतूनही सूक्ष्म कण वा वंगण उडते. २०१२ मध्ये बाजारात आलेल्या निकॉन डी६०० या कॅमेऱ्यात ठिपक्यांची तक्रार इतकी वाढली की, कंपनीने २०१४ मध्ये मोफत तपासणी, सफाई व शटर बदलून देण्याची घोषणा केली. यावर पहिला यांत्रिक उपाय २००३ च्या ऑलिंपस ई-१ मध्ये आला. त्यात सेन्सरपुढील काच अतिजलद कंपनांनी हलवून कण झटकले जातात. आज ही सोय बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांत असते. कोरड्या कणांपुरती ती उपयोगी आहे. चिकटलेला कण तिला दाद देत नाही.

सफाई घरी करता येते. कॅमेरा नागपूर-मुंबईस पाठवून दिवसेंदिवस वाट पाहण्यापेक्षा ती घरी करणेच आमच्यासारख्यांना सोयीचे. मात्र तिचा क्रम मोडू नये.

प्रथम पाहणी. पांढरा कागद किंवा निरभ्र आकाश घ्यावे, छिद्र एफ/२२ ठेवावे, आयएसओ किमान ठेवावा, आणि लेन्स मुद्दाम चुकीच्या अंतरावर लावून कॅमेरा किंचित हलवीत चित्र घ्यावे. कागदाचे स्वतःचे डाग त्यामुळे विरघळतात व सेन्सरवरील कण तेवढे उरतात. लेन्स उलटी प्रतिमा पाडते हे येथे ध्यानात ठेवावे. कॅमेरा उभा धरून समोरून आत पाहिले असता, चित्रात वर दिसणारा ठिपका सेन्सरच्या खालच्या भागी असतो. डावी-उजवी बाजू मात्र चित्रातल्याप्रमाणेच राहते.

जागा म्हणून न्हाणीघर उत्तम. तेथे काही वेळ पाणी सोडून हवा दमट केली की तरंगती धूळ खाली बसते. वाफ मात्र नसावी. पंखा बंद, खिडकी बंद. बॅटरी पूर्ण भरलेली असावी. आरशाच्या कॅमेऱ्यात मेनूमधील सेन्सर सफाईच्या सोयीने आरसा वर करून शटर उघडावे. त्यासाठी ‘बल्ब’ पद्धतीने शटर उघडे ठेवण्याची युक्ती काही जण सांगतात, ती घातक आहे. बोट सुटले की शटर मिटते व आतील साधनावर आपटते. आरसा नसलेल्या काही कॅमेऱ्यांत बंद करताच शटरचा पडदा पुढे येतो. त्याला कदापि स्पर्श करू नये. कॅमेऱ्यातच कंपविरोधी यंत्रणा असेल तर सेन्सर अधांतरी असतो, म्हणून आधी त्याची पुस्तिका वाचावी.

यानंतर ब्लोअर, म्हणजे हाताने दाबावयाचा रबरी फुगा. कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे करावे, म्हणजे सुटलेला कण खाली पडेल. ब्लोअरचे टोक आत न खुपसता आठ-दहा झोत मारावेत आणि पुन्हा एफ/२२ चे चित्र घेऊन पाहावे. पुष्कळदा काम येथेच संपते. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे तुषार धुळीहून वाईट. डब्यातील दाबलेली हवाही वर्ज्य, कारण तिच्यातील द्रव काचेवर उडून डाग पडतो.

चिकट कण किंवा वंगण राहिले असेल तरच ओली सफाई करावी, आणि तीही ब्लोअरनंतरच. अन्यथा सुटा वाळूचा कण काचेवर घासला जाऊन कायमचा ओरखडा पडेल. यासाठी सेन्सरच्या उंचीइतक्या रुंदीचे स्वॅब मिळतात. मोठ्या सेन्सरला २४ मिलिमीटरचा व लहान, म्हणजे एपीएस-सी आकाराच्या सेन्सरला १६ मिलिमीटरचा. सेन्सरसाठी बनविलेल्या द्रवाचे दोनच थेंब स्वॅबच्या कडेवर सोडावेत, ते पसरेपर्यंत क्षणभर थांबावे, आणि हलक्या हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच सलग हात फिरवावा. मग स्वॅबची दुसरी बाजू घेऊन उलट दिशेने एकदा. तो स्वॅब पुन्हा वापरू नये. स्वॅब महाग असतात म्हणून तोच पुन्हा वापरण्याचा मोह होतो, पण पहिल्या फेरीत उचललेला कण दुसऱ्या फेरीत सुरीसारखा फिरतो. कानातील कापसाच्या काड्या, मऊ धोतराचा तुकडा, चष्म्याचे द्रव, सॅनिटायझर यांपैकी काहीही चालणार नाही. यांतील काही द्रवांत मिथेनॉल असते. ते विषारी व ज्वालाग्राही आहे, तेव्हा ते दिव्यापासून आणि मुलांपासून दूर ठेवावे.

सर्व कण निघालेच पाहिजेत असा हट्ट नसावा. कोपऱ्यात, मजकुराच्या चौकटीबाहेर राहिलेल्या एका कणासाठी तिसऱ्यांदा स्वॅब फिरवणे म्हणजे धोका विकत घेणे. त्याऐवजी दुसरी सवय अधिक फलदायी ठरते. प्रत्येक बैठकीच्या आरंभी व अखेरीस, काम ज्या छिद्रमानावर करावयाचे त्याच छिद्रमानावर कोऱ्या पांढऱ्या कागदाचे एकेक चित्र घ्यावे, आणि ते पोथीच्या चित्रांबरोबरच, त्याच क्रमांकात जतन करावे. मधे लेन्स बदलली तर तेव्हाही घ्यावे. वीस वर्षांनी कोणी तीच चित्रे उघडून ‘तें’ वाचावे की ‘ते’ या प्रश्नाशी अडला, तर त्या कोऱ्या कागदावर त्याला उत्तर सापडेल.

पूर्वी घेतलेल्या चित्रसंग्रहांत असे कोरे पान नसते. तेथे एकाच बैठकीतील वीस-पंचवीस चित्रे, न फिरवता व न कातरता, संगणकावर एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढावी. पानागणिक बदलणारी अक्षरे फिकट होत जातात, आणि सर्व चित्रांत जागा न सोडणारे ठिपके तेवढे ठळक राहतात. आपल्या विभागाकडील जुन्या चित्रांपैकी ज्यांच्या मूळ फाइली उपलब्ध आहेत, त्यांच्यापुरते हे काम विद्यार्थ्यांना हाती घेता येण्याजोगे आहे. कातरून सरळ केलेल्या चित्रांत ठिपक्यांच्या जागा बदललेल्या असल्याने ती या कसोटीस उतरत नाहीत, व त्यांतील संशयित टिंबांसाठी पुन्हा त्या त्या गावी जाऊन मूळ वही पाहावी लागेल.