इंजिनाचा दिवा आणि त्यामागील संकेतांक

वाहनकर्जाचे हप्ते नियमित भरणाऱ्या ग्राहकालाही एक खर्च पूर्वसूचनेशिवाय गाठतो. दर्शनी फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो, गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला जातो आणि 'पी ०२३०' हा संकेतांक दाखवून "फ्युएल पंप गेला" असा निर्णय ऐकवला जातो. हा निर्णय पुष्कळदा घाईचा असतो.

ही संकेतांकपद्धती अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून सक्तीची झाली. भारतात भारत स्टेज-४ च्या गाड्यांना ती ओबीडी-२ या रूपात एप्रिल २०१३ पासून लागू झाली. 'पी' म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स यांचा विभाग. पुढील शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान असलेला संकेत.

आता 'पी ०२३०' म्हणजे पंप निकामी, असे नव्हे. पंपाला वीज पुरवणाऱ्या मंडलात दोष आहे, एवढेच तो सांगतो. त्या मंडलात फ्यूज आहे, रिले आहे, वायर आणि जोड आहेत. इंजिन सुरू न करता केवळ चावी फिरवावी. बहुतेक पेट्रोल गाड्यांत टाकीतील पंपाची गुणगुण दोन-एक सेकंद ऐकू येते. ती नसेल, तर पंपाच्या जोडापाशी मीटर लावून पाहावे. बॅटरीइतका दाब व पक्के अर्थिंग मिळूनही पंप फिरत नसेल, तरच तो दोषी. 'पी ००८७' हा संकेत मात्र इंधनाचा दाब कमी असल्याचा. तेथे फिल्टर तुंबल्याचीही शक्यता तपासावी लागते.

'पी ०६०१' अथवा 'पी ०६०६' हे संकेत इंजिनाच्या संगणकाची स्मृती व प्रक्रियक यांच्याकडे बोट दाखवतात. हा सुटा भाग महाग, शिवाय अनेक गाड्यांत नवा संगणक त्या गाडीच्या चावीशी जुळवून घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखकाला एकदा तो बदलण्याचाच सल्ला मिळाला होता. दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने अर्थिंगच्या वायरीचा गंजलेला बोल्ट घासून घट्ट केला. संकेत पुन्हा उमटला नाही. म्हणून बॅटरी, अर्थिंग आणि जोडांत शिरलेले पाणी यांची तपासणी झाल्याखेरीज संगणक बदलण्यास संमती देऊ नये.

संकेतांक पुसण्यापूर्वी तो लिहून घ्यावा आणि अंदाजपत्रकावर नोंदवून मागावा. बॅटरीची वायर काढल्यास अनेक गाड्यांतील ही नोंद नष्ट होते. टाकीतील पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे रिझर्व्हवर गाडी हाकण्याची सवयही त्याला मानवत नाही.