बावीस बिंदूंतून ऐकू येणारे जग

कॉक्लिअर इम्प्लांट आवाज मोठा करत नाही. ते काम श्रवणयंत्राचे. कानामागचा प्रोसेसर आवाजाचे पट्टे पाडतो आणि आतल्या कानाच्या शंखाकृती भागात बसवलेले इलेक्ट्रोड त्यानुसार श्रवणतंतूंना विजेचे स्पंद देतात. निरोगी कानात हे काम सुमारे 3,500 केसपेशींचे. इम्प्लांटमध्ये इलेक्ट्रोड साधारण 12 ते 22.

एवढ्यावर बोलणे कळते कसे? 1995 मध्ये रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी बोलण्यातले बारकावे पुसून मोजक्या तीन-चार पट्ट्यांतला चढउतार तेवढा ठेवला. तरीही उत्तम ऐकू येणाऱ्यांना शांततेत ते बोलणे बहुतांशी कळले. अर्थ लावण्याचा मोठा भार मेंदू उचलतो, हे त्यातून दिसले, आणि ते खरोखर विलक्षण आहे. स्वराची उंची मात्र नीट पोचत नाही. म्हणून गाण्याचा ताल कळतो, चाल निसटते. घरात गप्पा जमतात, पण अंधेरी किंवा घाटकोपर स्थानकाच्या गोंगाटात शेजारच्याचे बोलणे समजणेही कठीण जाते.

जन्मतः बहिऱ्या मुलांत वय निर्णायक ठरते. अनु शर्मा यांच्या संशोधनात साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट मिळालेल्या बहुतेक मुलांच्या मेंदूचा प्रतिसाद लवकरच वयाला साजेसा झाला. सात वर्षांनंतर तसे क्वचितच घडले. शस्त्रक्रियेनंतरची वाचा-श्रवण उपचारांची साथ तितकीच मोलाची.

वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून या क्षेत्रात आहे. केंद्राच्या एडिप योजनेतून पात्र मुलांना मोफत इम्प्लांट मिळते. बाळ हाकेला वळत नसेल, तर पालकांनी तपासणी लांबवू नये.