मधल्या फळीचे मोल (लेखांक 6) : माकेलेले गेला, बेकहॅम आला

एकाच फुटबॉलपटूकडे प्रशिक्षक, प्रेक्षक आणि क्लबचे संचालक पाहत असले, तरी तिघे एकच गोष्ट मोजत नसतात. मधल्या फळीतील खेळाडूच्या बाबतीत ही तफावत सर्वाधिक रुंदावते, कारण आघाडीपटूचे गोल आणि गोलरक्षकाने अडवलेले फटके नोंदवहीत उतरतात; परंतु बचावफळीच्या लगेच पुढे उभा राहणारा, म्हणजेच बचावात्मक मध्यरक्षक, प्रतिस्पर्ध्याचा जो हल्ला सुरूच होऊ देत नाही त्याची नोंद कुठेही होत नाही. अशा खेळाडूच्या मोलावरून झालेला सर्वांत बोधप्रद वाद 2003 च्या उन्हाळ्यात माद्रिदमध्ये झाला.

किन्शासा येथे जन्मलेला फ्रेंच मध्यरक्षक क्लॉड माकेलेले 2000 साली सेल्टा व्हिगो सोडून रेयाल माद्रिदमध्ये आला आणि पुढील तीन हंगामांत क्लबने दोनदा स्पॅनिश लीग व एकदा चॅम्पियन्स लीग जिंकली. अध्यक्ष फ्लोरेन्तिनो पेरेझ यांचे धोरण दरवर्षी एक जगप्रसिद्ध तारा विकत घ्यावा आणि उरलेल्या जागा क्लबच्या स्वतःच्या अकादमीतील तरुणांनी भराव्यात, असे होते. फिगो, झिदान आणि रोनाल्डो हे या धोरणाचे पहिले टप्पे होते. या रचनेत माकेलेले कोणत्याच गटात बसत नव्हता, कारण तो ना जाहिरातींतला चेहरा होता, ना अकादमीतला स्वस्त तरुण. ताऱ्यांच्या तुलनेत त्याचे वेतन फारच कमी होते. त्याने वाढ मागितली, क्लबने ती नाकारली, आणि सुमारे 1 कोटी 68 लाख पौंडांना तो चेल्सीकडे गेला. त्याच उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडकडून डेव्हिड बेकहॅम आला.

मैदानावरील परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. 2002-03 मध्ये रेयालने लीगमध्ये 78 गुण मिळवून विजेतेपद पटकावले होते, तर 2003-04 मध्ये अखेरचे पाचही सामने गमावून तो 70 गुणांवर, चौथ्या स्थानी घसरला. स्वीकारलेले गोल 42 वरून 54 वर गेले, हे अपेक्षितच म्हणावे लागेल. अधिक विचार करायला लावणारी बाब अशी की, बेकहॅमची भर पडूनही केलेले गोल 86 वरून 72 वर आले. रॉबेर्तो कार्लोस आणि मिचेल साल्गादो हे कडेचे बचावपटू निर्धास्तपणे पुढे धावत, कारण त्यांनी मोकळी सोडलेली जागा मागे कोणीतरी झाकत होते. तो आधार गेल्यावर एकतर त्यांनी मागे थांबायचे, नाहीतर प्रतिहल्ल्याला वाट मोकळी करून द्यायची, एवढेच पर्याय उरले. बचावात्मक मध्यरक्षकाचे मोल इतरांच्या गोलांमध्ये विखुरलेले असते, आणि त्याचे स्वतःचे गोल किंवा पास मोजून ते कधीच हाती लागत नाही.

तरीही सगळी घसरण एका खेळाडूच्या जाण्यावर लादणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्याच उन्हाळ्यात प्रशिक्षक व्हिसेन्ते देल बोस्के यांचा करार वाढवला गेला नाही आणि कर्णधार फर्नांदो हिएरोही गेला. रेयालने उसनवारीवर मोनॅकोला दिलेल्या आघाडीपटू मोरिएन्तेसने चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीतील दोन्ही सामन्यांत रेयालविरुद्धच गोल केले आणि मोनॅकोने रेयालला स्पर्धेबाहेर काढले. शिवाय रेयालच्या संघात एस्तेबान काम्बियासो हा याच जागेवर खेळू शकणारा तरुण उपलब्ध होता. करार संपल्यावर 2004 मध्ये तो इंटर मिलानला गेला, आणि 2010 मध्ये रेयालच्याच सान्तियागो बेर्नाबेऊ मैदानावर इंटरसाठी चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना जिंकला. चूक केवळ माकेलेलेला विकण्याची नव्हती. त्या जागेचे महत्त्वच क्लबला उमगले नव्हते, ही त्याहून मोठी चूक होती.

पेरेझ यांच्या बाजूलाही वजन आहे. ताऱ्याचे व्यापारी मोल, म्हणजे प्रायोजक, दूरचित्रवाणी, परदेश दौरे आणि जर्सीची विक्री यांतून येणारा पैसा, क्लबला खरोखरच मिळाला. 2004-05 मध्ये सुमारे 27.5 कोटी यूरो उत्पन्नासह रेयाल जगातील सर्वाधिक कमाई करणारा फुटबॉल क्लब ठरला. मात्र लीग, राजाचा करंडक किंवा चॅम्पियन्स लीग यांपैकी एकही विजेतेपद 2007 पर्यंत त्याच्या वाट्याला आले नाही. दरम्यान माकेलेलेच्या चेल्सीने 2004-05 मध्ये 38 सामन्यांत केवळ 15 गोल स्वीकारून पन्नास वर्षांनी इंग्लिश लीग जिंकली. या यशात गोलरक्षक चेक आणि बचावपटू टेरी व कार्व्हाल्यो यांचाही वाटा होता, तरी पुढे इंग्लंडमध्ये या जागेलाच माकेलेलेचे नाव मिळाले.

हाच प्रश्न रेयालपुढे अलीकडे पुन्हा उभा राहिला आणि या वेळीही अध्यक्षपदी पेरेझच होते. 2024 मध्ये टोनी क्रूस निवृत्त झाला. तो अडवणारा नव्हे तर खेळाची गती ठरवणारा मध्यरक्षक होता, म्हणजे चेंडू केव्हा थांबवायचा आणि केव्हा पुढे सोडायचा याचा निर्णय त्याच्या पायांवर होई. त्याच उन्हाळ्यात किलियन एम्बापे आला, परंतु क्रूसच्या जागी त्याच घडणीचा खेळाडू घेतला गेला नाही. एम्बापेने 31 गोल करून स्पॅनिश लीगमध्ये अव्वल क्रमांक मिळवला, आणि तरीही आदल्या हंगामात 95 गुणांनी विजेता ठरलेला संघ 84 गुणांवर थांबून बार्सिलोनाच्या मागे राहिला. बचावपटूंच्या दुखापतींनी त्या हंगामाचे गणित बिघडवले हे खरे असले, तरी या घसरणीत क्रूसचा वाटा नेमका किती होता, यावर माद्रिदमध्ये आजही एकमत नाही.