बिट क्रमांक २७

बिघाड म्हणावा असं काही घडलंच नव्हतं. शिकण्यासाठी म्हणून मी लिहीत असलेला छोटा कर्नल नीट बूट होत होता, कीबोर्ड ऐकत होता, दोन कामं आलटूनपालटून चालवत होता. मेमरीतला मोठा ठोकळा इकडून तिकडे नेण्याचं काम तेवढं सावकाश चाललं होतं. त्यासाठी मी दोन रूटीन लिहिली होती. एक साधं, कुठल्याही प्रोसेसरवर चालेल असं. दुसरं एव्हीएक्सच्या रुंद रजिस्टरांचं, एका घासात ३२ बाइट उचलणारं. माझ्या प्रोसेसरला एव्हीएक्स येतं हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी दर बूटला निवड साध्या रूटीनचीच व्हायची. तीन संध्याकाळी मी ते रुंद रूटीन ओळीओळीनं तपासत बसले. चूक तिथे नव्हतीच. चूक होती ती प्रोसेसरला ‘तुला काय काय येतं?’ हे विचारून उत्तर टिपून ठेवण्याच्या वेळेत.

एक्स८६ घराण्यात हा प्रश्न विचारायची इन्स्ट्रक्शन म्हणजे सीपीयूआयडी. १९९३ च्या पेंटियमबरोबर ती रूढ झाली. नंतर निघालेल्या काही ४८६ चिपांतही ती होती. ईएएक्स रजिस्टरमध्ये प्रश्नाचा क्रमांक ठेवायचा आणि इन्स्ट्रक्शन चालवायची, की चार रजिस्टरांत उत्तर येतं. या क्रमांकाला ‘लीफ’ म्हणतात. लीफ शून्य विचारलं की चिप बनवणाऱ्याची बारा अक्षरी ओळख येते, चार-चार अक्षरं तीन रजिस्टरांत, आणि तीही ईबीएक्स, ईडीएक्स, ईसीएक्स अशा क्रमानं. ही अक्षरं जुळवून ‘जेन्युइनइंटेल’ असा शब्द माझ्या स्वतःच्या कर्नलने पहिल्यांदा स्क्रीनवर छापला, तेव्हा मी खुर्चीवरून उठून घरातल्यांना बोलावून दाखवला होता.

ही सोय नसताना, किंवा तिच्यातून उत्तर मिळत नसेल तेव्हा, करून पाहावं लागायचं. नव्वदच्या दशकातला लिनक्स बूट होताना ‘एचएलटी इन्स्ट्रक्शन तपासतोय’ अशी ओळ दाखवायचा. प्रोसेसरला खरोखरच थांबवायचं आणि तो परत जागा झाला तर पुढे ‘ओके’ लिहायचं. १९९४ मध्ये पेंटियमच्या भागाकारातली चूक उजेडात आल्यावर कर्नलमध्ये आणखी एक चाचणी आली. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागायचं, उत्तराला त्याच संख्येनं गुणायचं आणि मूळ संख्या परत मिळते का ते बघायचं. नाही मिळाली तर चिप सदोष. त्या दोन संख्या मला आजही पाठ आहेत.

आता एका इन्स्ट्रक्शनमध्ये उत्तर मिळतं, तर ते टिपून कशाला ठेवायचं? हवं तेव्हा विचारावं की! नुसत्या हार्डवेअरवर सीपीयूआयडीला साधारण शंभर-दोनशे सायकल लागतात. बेरजेला एक पुरते, म्हणजे हेही स्वस्त नाही. पण खरा फरक व्हीएममध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये कळतो. इंटेलच्या व्हर्च्युअलायझेशनमध्ये गेस्टने सीपीयूआयडी चालवली की व्हीएममधून बाहेर पडावंच लागतं, ते टाळायची मुभाच नाही. नियंत्रण होस्टकडे जातं, होस्ट ठरवतो की या गेस्टला काय सांगायचं, रजिस्टरं भरतो आणि मग गेस्टला परत सोडतो. खर्च हजार सायकलींच्या वर जातो. होस्टवर ‘पर्फ केव्हीएम स्टॅट’ लावून एक रिकामा गेस्ट बूट करून पाहा. बाहेर पडण्याच्या कारणांच्या यादीत सीपीयूआयडीची ओळ असते, आणि तिच्यापुढचा आकडा पाहून मी पहिल्यांदा चकित झाले होते. एकच प्रश्न इतक्या वेळा कोण विचारतंय?

उत्तर शोधताना मला एक गोष्ट कळली जी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. यातले कित्येक विचारणारे उत्तराची वाटच बघत नव्हते. सीपीयूआयडीचा एक बाजूचा गुण असा, की तिच्या आधीच्या सगळ्या इन्स्ट्रक्शन पुऱ्या झाल्याशिवाय प्रोसेसर पुढे सरकत नाही. कर्नल स्वतःचाच कोड बदलतो तेव्हा असा पूर्ण थांबा हवा असतो, म्हणून लिनक्समध्ये कित्येक वर्षं त्यासाठी सीपीयूआयडीच वापरली गेली. २०१६ च्या अखेरीस ॲंडी लुटोमिरस्की यांनी तिच्या जागी आयरेट ही इन्स्ट्रक्शन आणली. त्यांच्या लॅपटॉपवर आयरेटला ११० नॅनोसेकंद लागत होते आणि सीपीयूआयडीला ८३, म्हणजे साध्या यंत्रावर बदल थोडा तोट्याचाच होता. केव्हीएम या लिनक्सच्या व्हीएम चालवणाऱ्या भागाखाली मात्र हिशेब पार उलटा होता. माझ्या टेबलावरचा गेस्ट जुन्या कर्नलचा होता. तो नवा केल्यावर ती ओळ यादीत बरीच खाली गेली.

व्हीएमच्या आत व्हीएम असेल तर किंमत आणखी चढते. २०२४ च्या डिसेंबरात केव्हीएमचे देखभालकर्ते शॉन क्रिस्टोफरसन यांनी एक पॅच मांडला. लीफ १३ मधली एक्ससेव्हची, म्हणजे रजिस्टरं जपून ठेवण्याच्या जागेची, मापं एका प्रोसेसरसाठी कायमची असतात, तरी केव्हीएम ती चालू कामात पुन्हापुन्हा विचारत होतं. त्यांनी ती मॉड्यूल लोड होतानाच एकदा विचारून टेबलात ठेवली. आतल्या व्हीएमपर्यंतची एक फेरी एमराल्ड रॅपिड्स प्रोसेसरवर २८,८५० सायकलींवरून ७,९०० वर आली. स्कायलेकवर हेच आकडे ११,६५० आणि ६,८५० होते. म्हणजे नव्या चिपांवर हा प्रश्न विचारणं महागत चाललंय, आणि टिपून ठेवण्याची गरज वाढतेय.

लिनक्सचं मुख्य टिपण म्हणजे ३२-३२ बिटांच्या शब्दांची एक माळ. प्रत्येक क्षमतेला तिच्यात एक बिट. बूट करणारा कोर आधी आपली माळ भरतो, बाकीचे कोर जागे झाले की आपापली घेऊन येतात. त्या एकत्र करण्याचा कोड मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ त्या चार-पाच ओळींवरच थांबले. क्षमतांचे बिट ‘ॲंड’ने मिळवतात आणि दोषांचे ‘ऑर’ने. गुण सगळ्यांच्या अंगी असेल तरच तो यंत्राचा गुण. दोष एकट्या बूट करणाऱ्या कोरचा असला तरी तो सगळ्यांच्या माथी. एखादं काम मध्येच एका कोरवरून दुसऱ्यावर उडी मारतं, आणि ते वापरत असलेली इन्स्ट्रक्शन तिथे नसेल तर ते जागीच मरतं. हे टाळायचं तर दुसरा रस्ता नाही.

एवढ्यावरही कर्नल थांबत नाही. टिपणातला बिट दर वेळी वाचायचा म्हणजे मेमरी बघा, तुलना करा, उडी मारा. कर्नलमधल्या गरम वाटांवर तेवढंही परवडत नाही, म्हणून बूट होतानाच कोडच्या आत पॅच बसवतात. हे डोळ्यांनी पाहायची माझी आवडती जागा म्हणजे एसमॅप, कर्नलला वापरकर्त्याच्या मेमरीत चुकून शिरू न देणारं संरक्षण. ज्या प्रोसेसरला एसमॅप येतं, तिथे कर्नलने वापरकर्त्याच्या मेमरीला हात लावण्याआधी स्टॅक आणि नंतर क्लॅक या इन्स्ट्रक्शन चालवायच्या असतात. कर्नल ज्यावर चालेल त्या प्रोसेसरला एसमॅप असेल की नाही, हे तो कंपाइल करणाऱ्याला माहीत नसतं. म्हणून डिस्कवरच्या फाइलमध्ये त्या जागी तीन बाइट नुसते भरतीचे असतात: ९०, ९०, ९०. काहीच न करणाऱ्या तीन इन्स्ट्रक्शन. कर्नलचे पत्ते बूटमागे बदलू नयेत म्हणून मी ‘नोकेएएसएलआर’ देऊन यंत्र सुरू केलं, जीडीबीला ती फाइल आणि चालू कर्नलची मेमरी दाखवणारी केकोर अशी दोन्ही दिली, आणि एकच पत्ता दोन्हीकडे वाचला. फाइलमध्ये ९०, ९०, ९०. मेमरीत ०एफ, ०१, सीबी. स्टॅक येऊन बसली होती. प्रश्नही उरला नव्हता आणि टिपणाकडे बघायची गरजही. कुठे काय बदलायचं याची यादीसुद्धा काम झाल्यावर बूटच्या बाकी सामानाबरोबर मेमरीतून सोडून दिली जाते. डीमेसेजच्या शेवटाकडे ‘इनिटमेम’ मोकळी केल्याची जी ओळ येते, तिच्यातच तिचा शेवट.

इथे मला एक गोष्ट खटकते. एक्स८६ वर हे पॅच बाकीचे कोर जागे होण्याआधीच बसतात. म्हणजे ‘ॲंड’चा निकाल लागण्याआधीच. बूट करणारा कोर म्हणजेच सगळे कोर, हे तिथे गृहीत धरलेलं आहे. २०२१ मध्ये इंटेलचा ऑल्डर लेक आला, त्यातल्या मोठ्या कोरांत एव्हीएक्स-५१२ ची जुळणी होती आणि लहान कोरांत नव्हती. शेवटी इंटेलने ती मोठ्या कोरांतही बंदच ठेवली. एआरएमवर लहान-मोठे कोर एकत्र नांदणं रोजचंच. तिथला लिनक्स बहुतेक पॅचांसाठी सगळे कोर येईपर्यंत थांबतो, आणि मागाहून येणाऱ्या कोरकडे ठरलेली क्षमता नसेल तर त्याला कामावर घेत नाही. माझ्या मते तीच रीत अधिक सरळ आहे.

टिपलेलं उत्तर शिळं कसं होतं याचं मोठं उदाहरण २०१४ चं. हॅसवेल चिपांमधल्या टीएसएक्स या सोयीत दोष सापडला आणि इंटेलने मायक्रोकोड बदलून ती बंद केली. चालू यंत्रावर तो मायक्रोकोड चढवला की सीपीयूआयडी नव्या उत्तरात टीएसएक्स नाही म्हणायची. पण ग्लिबसी या सी लायब्ररीने प्रोग्रॅम सुरू होताना जुनं उत्तर टिपलेलं होतं. त्या भरवशावर टीएसएक्स वापरून पुढचं लॉक घ्यायला गेलेला प्रोग्रॅम ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ने कोसळायचा. आता बूटच्या अगदी आरंभी, कोणी काही टिपण्याआधी मायक्रोकोड चढवतात. उशिरा चढवला आणि क्षमता बदलल्या तर लिनक्स बजावतो, की बदल झालाय पण तो लागू होईलच असं नाही. स्पेक्टर या प्रोसेसरांमधल्या दोषानंतर, २०१८ मध्ये, मी ती ओळ एका सर्व्हरवर पाहिली. दोन मिनिटं विचार केला आणि सर्व्हर रीबूट केला.

माझ्या कर्नलमध्ये मायक्रोकोडचा संबंध नव्हता. लीफ १ च्या ईसीएक्समध्ये बिट २६ सांगतो की प्रोसेसरला एक्ससेव्ह येतं, बिट २८ सांगतो की एव्हीएक्स येतं. मधला बिट २७ वेगळ्या जातीचा आहे. तो प्रोसेसरबद्दल बोलत नाही, कर्नलबद्दल बोलतो. कर्नलने सीआर४ रजिस्टरमधला बिट १८ लावला असेल तर २७ एक होतो, नाहीतर शून्य. एव्हीएक्स वापरायचं तर २७ आणि २८ दोन्ही बघा, असं इंटेलचं मॅन्युअल सांगतं आणि मी तसंच केलं होतं. पण लीफ १ मी बूटच्या पहिल्याच फंक्शनमध्ये टिपलं होतं, आणि सीआर४ लावत होते त्यानंतर बऱ्याच खाली. माझ्या टिपणात २७ कायम शून्य राहिला. चिप खोटं बोलली नव्हती. मी विचारलं तेव्हा ते उत्तर बरोबरच होतं.

आता सीआर४ लावल्यावर लीफ १ पुन्हा वाचते आणि मगच टिपण केवळ वाचण्यापुरतं खुलं ठेवते. बूटच्या शेवटी प्रत्येक कोरवर एक फेरी मारते: सीपीयूआयडी ताजी विचारायची, टिपणाशी बिटवार ताडायची, फरक दिसला तर लीफ, रजिस्टर आणि बिट छापून तिथेच थांबायचं. लीफ १ च्या ईबीएक्समधला वरचा बाइट तेवढा सोडून देते, कारण त्यात कोरचा स्वतःचा एपीआयसी क्रमांक असतो आणि तो प्रत्येकाचा वेगळाच असायला हवा.