खर्जाची तार आणि सुरतेची जर

गाण्याच्या मैफलीहून घरी परतणारा श्रोता गायकाची एखादी लकेर गुणगुणत येतो. फार तर बासरीचा एखादा तुकडा त्याच्या ओठांवर असतो. खर्जाचे सूर गुणगुणत कोणी घरी आल्याचे ऐकिवात नाही. तथापि हाच खर्ज मध्येच थांबला तर गाण्याच्या पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते. तंबोऱ्याची शेवटची पितळी तार आपल्या संगीतात जे काम करते, तेच काम पाश्चात्त्य धर्तीच्या वाद्यवृंदात बास गिटार नावाचे चार तारांचे वाद्य करते. लिओ फेंडर या अमेरिकन कारागिराने 1951 साली ते बाजारात आणले आणि पुढे ते जगभर पसरले. हे वाद्य आयुष्यभर वाजवून निवृत्त झालेली चार माणसे एकत्र आली म्हणजे त्यांच्या गप्पा फिरून फिरून एकाच विषयावर येतात: तार कोणती लावावी? बाहेरच्या माणसाला हे वेड वाटते. परंतु या वेडामागे एक शास्त्र आहे, आणि त्या शास्त्राचे नाते सुरत शहराशी जुळते.

तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: तिची लांबी, तिचा ताण आणि तिचे वजन. लांबी दुप्पट केली की सूर एक सप्तक खाली जातो. साध्या गिटारची तार साडेपंचवीस इंच असते. तीच तार, तोच ताण ठेवून खालचे सप्तक हवे असेल तर वाद्य एक्कावन्न इंचांचे करावे लागेल, आणि एवढ्या लांबीवर हात पोहोचणे कठीण. फेंडरने लांबी चौतीस इंचांवर थांबवली. उरलेली कसर तारेचे वजन वाढवून भरून काढावी लागते. ताण तोच ठेवायचा तर तार सव्वादोन पटींनी जड हवी. प्रत्यक्षात ताणही वाढवतात, म्हणून ती सुमारे पाच पट जड असते.

मग जाड पोलादी सळईच का लावू नये? कारण सळई लवत नाही. तार जितकी जाड, तितकी ती ताठ. आणि ताठ तारेतून निघणारे उपस्वर मूळ सुराशी जुळत नाहीत. आवाज बोथट आणि बेसूर होतो. तार जड हवी, पण लवचीकही हवी, असा हा पेच आहे. तो सुटला तो गुंडाळलेल्या तारेने. आत बारीक गाभा, आणि त्याभोवती वेटोळे घालून बसवलेली दुसरी तार. गाभा ताण सोसतो, वेटोळे वजन देते, आणि वेढे एकमेकांपासून सुटे असल्यामुळे तार लवते.

या युक्तीची छापील जाहिरात लंडनमध्ये जॉन प्लेफर्ड या संगीत-प्रकाशकाने 1664 साली केली. आतड्याच्या किंवा रेशमाच्या दोऱ्यावर बारीक तार गुंडाळली असता खर्जाचा आवाज अधिक चांगला व मोठा येतो, असा तिचा आशय होता. मराठी वाचकाला 1664 हे साल निराळ्या कारणाने पाठ असते. त्याच वर्षाच्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली होती. ही संपन्न सुरत जरीसाठीही नावाजली गेली. आणि जर म्हणजे तरी काय? रुप्याची तार छिद्रांतून ओढून केसासारखी बारीक करायची, ती चेपून चपटी करायची, त्या चपट्या पट्टीला बादला म्हणतात, आणि तो बादला रेशमी धाग्यावर वेढ्याला वेढा लावून गुंडाळायचा. येवल्याच्या पैठणीच्या पदरावर जी जर झळकते, तिची घडण हीच. स्पॅनिश गिटारच्या खर्जाच्या तारादेखील पूर्वी रेशमाच्या गाभ्यावर धातूची तार गुंडाळून करीत. पैठणीचा पदर आणि गिटारचा खर्ज ही एका अर्थाने सख्खी भावंडे होत.

बास गिटारच्या तारेत रेशीम चालत नाही. तिच्याखाली चुंबक असतो व त्याला लोह लागते. म्हणून गाभा पोलादाचा, आणि वर बहुधा निकेलचा किंवा पोलादाचा वेढा. वादकांचे खरे मतभेद या वेढ्यावरून होतात. वेढा गोल तारेचा असेल तर आवाज खणखणीत येतो. इंग्लंडच्या जॉन एंटविसल या वादकाने 1966 साली एका तार-कारखान्याबरोबर खपून अशा तारा घडवून घेतल्या. परंतु गोल वेढ्यांमधील खाचांत घाम आणि धूळ साचते, काही आठवड्यांत आवाज मंदावतो, आणि बोटे खरवडतात. जुने वादक अशा तारा पाण्यात उकळून पुन्हा वापरीत. उलट, वेढा बादल्यासारखा चपटा असेल तर तार हाताला गुळगुळीत लागते, आवाज गोल व मऊ येतो, आणि तार वर्षानुवर्षे टिकते. अमेरिकेचा जेम्स जेमर्सन हा थोर वादक तार तुटल्याशिवाय बदलीत नसे, अशी त्याची ख्याती आहे.

हा शोध केवळ पाश्चात्त्यांचा नव्हे. रुद्रवीणेचे थोर वादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी वीणेचा दांडा आणि भोपळे मोठे करून घेतले व जाड तारा चढवल्या. आलाप अधिक खोल उतरावा, हाच हेतू. पनवेलजवळच्या पळस्पे येथील त्यांच्या गुरुकुलात तो नाद घुमत असे.

उतारवयात मात्र तारेच्या निवडीला वेगळा अर्थ येतो. सांधे आखडतात, बोटांचे बळ ओसरते. चाळिसाव्या वर्षी जी तार सहज दबत होती, ती सत्तराव्या वर्षी जुमानत नाही. आणि वाद्य भिंतीला टांगले जाते. पुष्कळ वादकांचे वादन असे निष्कारण संपते. वस्तुतः उपाय साधे आहेत. पंचेचाळीस-सहस्रांश इंचाऐवजी चाळीस-सहस्रांश इंचाची तार घेतली तर ताण सुमारे पाचव्या हिश्श्याने उतरतो. चौतीसऐवजी तीस इंचांचे वाद्य घेतले तर त्याहून थोडा अधिक. सर्व तारा अर्ध्या सुराने उतरवल्या तरी दहावा हिस्सा भार हलका होतो. चपट्या वेढ्याची किंवा वरून नायलॉनची पट्टी गुंडाळलेली तार बोटांना सोसते. आणि निसर्गाने एक कृपा केली आहे: वाढत्या वयात कान प्रथम उंच सुरांना मुकतात, खर्ज बहुधा शेवटपर्यंत साथ देतो.

मुंबईच्या चित्रपट-ध्वनिमुद्रणात 1990 नंतर यंत्रांनी पुष्कळ वादकांची जागा घेतली. सुरतेच्या जरीतही रुप्याच्या जागी तांबे आले, आणि तांब्याच्या जागी प्लॅस्टिकची चकचकीत फीत. दोन्हीकडे मालाला तोटा नाही. हाताला काम उरले नाही. परंतु निवृत्त वादकाकडून एक गोष्ट कोणी काढून घेऊ शकत नाही. आयुष्यभर त्याने दुसऱ्याच्या गाण्याला आधार दिला, दुसऱ्याच्या घड्याळाने वाजवले. आता त्याला कोणी थांब म्हणत नाही, कोणी घाई करीत नाही. दुपारी खिडकीजवळ बसून एक सूर छेडावा आणि तो पूर्ण विझेपर्यंत ऐकावा, एवढी फुरसत त्याला प्रथमच लाभलेली असते.

ज्या घरात असे एखादे वाद्य भिंतीवर धूळ खात असेल, तेथील मुलानातवंडांनी वडीलधाऱ्यांना एवढेच विचारावे: तार बदलून पाहायची का? बहुधा उत्तर लांबलचक येईल. ते ऐकून घ्यावे.